पुढचा तास

पेट्रोल गाळायचं काम मी कुणावर सोपवत नाही. वरवट बकालच्या पंपावरून कॅन भरून आणायचे, बाभळीच्या सावलीत ठेवायचे आणि पाणी अडवणाऱ्या बारीक जाळीच्या नरसाळ्यातून सावकाश टाकीत ओतायचे. ओतताना बोलायचं नाही, हा माझाच नियम. पाण्याचा एक थेंब पुढे गेला तरी इंजिन हवेत बंद पडू शकतं, आणि सातपुड्याच्या कुशीत विमान उतरवायला सपाट जागा फार नाहीत.

"चहा गाळल्यावानी गाळते हे पोरगी," खाटेवर बसलेले हिंमतराव म्हणाले. "इमान हाय का जावई?"

धावपट्टी त्यांच्या शेतात आहे. मुरमाची पट्टी, दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी, उत्तरेच्या टोकाशी तूर आणि तुरीपलीकडे डोंगर. हिंमतराव लहान होते तेव्हा या भागातल्या कापसावर विमानातून फवारणी होत असे. तेव्हाची ही पट्टी. पुढे तिच्यावर मिरच्या वाळल्या, लग्नाचे मांडव पडले. आमच्या संस्थेनं ती वापरायला मागितली तेव्हा हिंमतरावांनी एकच अट घातली: माझं वावर मला एकदा वरून दाखवा. दाखवलं. उतरल्यावर ते पट्टीच्या कडेला जाऊन उभे राहिले. मला वाटलं, भारावले असतील. मग म्हणाले, "शेजाऱ्यानं बांधाचा धुरा कोरला हाय."

मी मलकापूरची. वडील रेल्वेत होते, घर रुळांपासून जवळ, त्यामुळे यंत्रांचा आवाज मला लहानपणापासून सोबतीसारखा वाटतो. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत असतानाच विमान चालवायला शिकले. आता जंगलांवरून उडते. ज्या प्राण्यांच्या गळ्यात रेडिओचा पट्टा बांधलेला असतो त्यांना वरून शोधायचं, हे माझं काम. विमान दोन माणसांचं, कापडी पंखांचं. पंखांखाली दोन अँटेना. शेजारच्या सीटवर डॉक्टर चंद्रशेखर, आमच्या संस्थेचे पशुवैद्य, कानाला हेडफोन लावून बसतात. पट्ट्यातून सतत एक ठोका येत असतो. प्राणी हालता-फिरता असेल तर ठोका संथ पडतो. बराच वेळ तो जागचा हललाच नाही तर ठोका आपोआप दुप्पट वेगानं पडू लागतो. त्याला आम्ही मरणाचा ठोका म्हणतो, कारण बहुतेक वेळा त्याचा अर्थ तोच असतो.

या खेपेला आम्ही सालईला शोधत होतो. सालई ही अंबाबरव्याच्या जंगलातली वाघीण. तिची दोन पिल्लं अजून तिच्या दुधावर होती. जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यात तिचा फोटो आला होता, त्यात तिच्या मानेत, पट्ट्याच्या खाली, शिकाऱ्यांनी लावलेल्या फासाची तार रुतलेली दिसत होती. जखम ओली होती.

"आठवडाभर तग धरेल," डॉक्टर म्हणाले होते. "त्यानंतर ती गेली, आणि तिच्यामागे पिल्लं गेली."

पट्ट्याचा उपग्रहाशी बोलणारा भाग बिघडला होता. उरला होता तो फक्त ठोका, आणि डोंगराच्या घड्यांमध्ये तो जमिनीवरून ऐकू येत नव्हता. वनरक्षक राजकुमार आणि त्याची माणसं जीप घेऊन खाली नाल्यानाल्यांतून फिरत होती. वरून आम्ही.

शोधायची पद्धत सोपी असते. जंगलावर मनातल्या मनात समांतर रेघा आखायच्या. एका रेघेनं पूर्वेला जायचं, वळायचं, थोडं अंतर सोडून दुसरीनं पश्चिमेला यायचं. शेत नांगरतात तसं.

त्या सकाळी धुकं विरल्यावर मी तिसऱ्या की चौथ्या रेघेवर होते. रेघेच्या टोकाशी एक उघडा माळ होता आणि माळावर एक माणूस उभा होता. हातात उंच काठी, काठीला पांढरं फडकं. मला वाटलं, राजकुमारचा माणूस असेल. वैमानिक एकमेकांना हात दाखवू शकत नाहीत, म्हणून पंख डावीकडे-उजवीकडे हलवून नमस्कार करतात. मी तसा केला.

माणसानं काठी खाली घेतली. बाजूला वळला. एकसारखी पावलं टाकत थोडं अंतर चालला, थांबला, आणि काठी पुन्हा उभी धरली.

मी रेडिओवर विचारलं, "राजकुमार, तुमचा कोणी झेंडा घेऊन माळावर उभा आहे का?"

"कायचा झेंडा मॅडम? आमी सारे नाल्यात हाओत."

"पांढरा आहे."

"पांढरा म्हंजे शरण आला वाटते कोनी." मागे कोणीतरी हसलं.

डॉक्टरांनीही वाकून पाहिलं. "मला नाही दिसत. वाळलेलं झाड असेल. उन्हात सालईचं खोडसुद्धा पांढरं चमकतं."

शक्य होतं. सालईच्या झाडाची साल खरंच पांढुरकी असते, आणि त्याच झाडावरून आम्ही वाघिणीचं नाव ठेवलं होतं. मी माझ्या ठरलेल्या पुढच्या रेघेवर गेले. ठोका नाही. त्याच्या पुढची रेघ, ठोका नाही. परत वळताना झेंडा समोर आला, आणि नुसत्या कुतूहलानं मी त्या रेघेवरून, सरळ झेंड्याच्या दिशेनं विमान नेलं.

डॉक्टरांनी हात वर केला. "थांब. आहे. अगदी बारीक, पण आहे."

त्या दिवशी तो माणूस मला वारंवार दिसला. मी पंख हलवले की तो चालायचा, थांबायचा, काठी धरायचा. त्याच्या रेघेवरून गेलं की ठोका ऐकू यायचा, माझ्या रेघांवरून नाही. थोड्या निरीक्षणांवरून निष्कर्ष काढू नये हे मला शिकवलेलं आहे. मी स्वतःला सांगितलं की ठोका उत्तरेकडून येतोय, झेंडाही उत्तरेकडे सरकतोय, दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

उतरल्यावर विमानाच्या प्रवासाची नोंद लॅपटॉपवर उघडली. सुरुवातीच्या रेघा मी आखल्या तशा, एकमेकींपासून लांब होत्या. नंतरच्या मात्र अगदी जवळजवळ, विमानाच्या पंखांच्या दुपटीइतक्याच अंतरावर. इतक्या जवळून वाघीण कोणी शोधत नाही. आणि प्रत्येक रेघ आधीच्या रेघेपेक्षा खाली होती.

"मी तुला सांगत होतो, उंची वाढव," डॉक्टर म्हणाले. "तू हो म्हणत होतीस आणि खाली नेत होतीस."

मला त्यातलं काही आठवत नव्हतं. हो म्हटलेलंही.

दुपारी हिंमतरावांच्या घरी भाकरी आणि वांग्याची भाजी खाताना मी त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, डोंगरात झेंडा घेऊन कोण उभं राहतं?

त्यांचा हात ताटात थांबला.

"झेंडेवाले होते पह्यले," ते म्हणाले. "फवारनीच्या टायमाले. पायलटले वरून कसं समजन कुठवर औषिद पडलं? म्हनून झेंडेवाला वावराच्या टोकाले उभा. इमान सरळ त्याच्यावर येये. पंख हालवले का समजायचं, पायलटनं पाह्यलं. मंग चार पावलं बाजूले सरकायचं न् पुन्हा झेंडा धरायचा."

"आणि फवारा?"

"त्याच्या आंगावर. अजून कोनाच्या?"

त्यांच्या सूनबाईंनी, विमलबाईंनी, माझ्या ताटात न विचारता आणखी भाजी वाढली. हिंमतरावांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "किसन व्हता आपल्या इथला. त्याची बायको हाय अजून. रुखमाबाई. तिले इचार पायजे तर. पन नीट इचारजो, बेटा."

रुखमाबाई गावाच्या कडेला राहतात. मी गेले तेव्हा त्या ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. वय खूप झालेलं, पण बोटं भराभर चालत होती. मी विमानवाली आहे हे त्यांना ठाऊक होतं.

"तुयाच इमानाचा आवाज येते का रोज? बस माय."

मी विचारलं. त्यांना नवल वाटलं नाही.

"शेवटचा दिस होता हंगामाचा. मी भाकर घेऊन गेलती. त्यायनं लांबूनच हाक मारून सांगतलं, एक तास राह्यला, मंग येतो. इमान डोंगराच्या आंगानं वळलं न् गेलं. वापस आलंच नाई. कंपनीवाले तिकळूनच चालले गेले म्हने दुसऱ्या गावाले. आमाले कोन सांगते?"

"मग?"

"मंग काय. मी भाकर ठेवली, घरी आली. ते आले नाई. दुसऱ्या दिवशी मानसं गेले पाह्याले. गवतात एका जागी पाय देऊन देऊन चिखल झाला व्हता. तिथून चार पावलं बाजूले, पुन्हा तसाच चिखल. मंग पुन्हा चार पावलं. वावर संपलं, तूर संपली, जंगल लागलं, तरी तसंच. पुढे खडक लागला न् काई दिसलं नाई."

"पण विमान तर गेलं होतं ना, आजी?"

"हाव. गेलतं."

त्यांनी शेंगांची फोलं सुपातून खाली झटकली. निघताना मी विचारलं, काम संपलं की पायलट कशी खूण करायचे? सुट्टीची?

"खूनगिन काई नसे. काम सरलं का इमान येतच नव्हतं. तेच सुट्टी."

परत येताना मी मनात हिशेब करत होते. हंगामाचा शेवट, म्हणजे दिवस लहान. दुपारची भाकरी, त्यानंतर एक तास. उजेडातच सगळं संपायला हवं होतं. मग माणसं दुसऱ्या दिवसापर्यंत का थांबली? हिंमतरावांना मी हे बोलून दाखवलं तेव्हा ते माझ्याकडे बघतच राहिले.

"मलकापूरची ना तू? मंग तुले तास कसा माईत नाई वं? घड्याळ कोनाच्या बापाजवळ व्हतं? तास म्हंजे ओळ. पऱ्हाटीचा तास. एक ओळ राह्यली व्हती त्याची. म्हनून सारे इमानाचीच वाट पाहत राह्यले."

त्या रात्री मला झोप लागायला वेळ लागला. एक ओळ. पायलट नसती वळली... मी विचार दुरुस्त केला: पायलट नसता वळला, परत आला असता, तर ती झाली असती.

सकाळी हवा स्वच्छ होती. डोंगर जवळ आल्यासारखे दिसत होते. उड्डाणाआधी मी डॉक्टरांना सांगितलं, आज उंचीवर तुम्ही लक्ष ठेवा, आणि मी ऐकलं नाही तर माझ्या खांद्यावर मारा. ते हसले नाहीत.

जंगलावर पोचताच त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबले.

"लवकर पडतोय," ते म्हणाले. "रेणुका, मरणाचा ठोका आहे."

ती हलत नव्हती. मेली असेल, किंवा हलण्याची ताकद उरली नसेल. दुसरी शक्यता असेल तर आज जागा सापडायलाच हवी होती. राजकुमारची जीप खाली तयार होती, पण आवाज कुठल्या दरीतून येतोय ते कळत नव्हतं. डोंगर तो आपसांत फिरवत होते.

झेंडा एका दरीच्या आत होता.

मी ती दरी नकाशावर पाहिली होती. तोंडाशी रुंद, आत अरुंद, आणि शेवटी सरळ कडा. तिच्यात शिरल्यावर वळायला जागा नाही. शिरायचं तर कड्याच्या आधी वर उचलून बाहेर काढायचं. फवारणीचे पायलट शेताच्या टोकाला तसंच करत असणार.

"आत नको," डॉक्टर म्हणाले.

"एक ओळ," मी म्हणाले.

मी आत शिरले.

दोन्ही बाजूंना सागाची झाडं वर आली. पानांवरची धूळ दिसू लागली, मग एकेक पान. विमानाची सावली खाली होती ती मोठी होत होत आमच्याजवळ आली.

"उंची."

"हो."

"रेणुका, उंची!"

खांद्यावर मार बसला. मला तो जाणवला, जसा शेजारच्या खोलीतला आवाज जाणवतो.

झेंडा समोर होता. आता फडकं नीट दिसत होतं. पांढरं नव्हतं ते, पिवळट होतं.

माणूस दिसला. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. सदरा अंगाला चिकटलेला. सगळं अंग ओलं, हनुवटीवरून थेंब गळत होते. आकाशात एक ढग नव्हता.

तो वर बघत नव्हता. समोर, सरळ, जमिनीला समांतर बघत होता.

त्याच्या पायाशी सालई बसली होती.

डॉक्टरांनी ओरडून हेडफोन उपसून काढले. इंजिनाच्या आवाजातसुद्धा मला त्यातून ठोका ऐकू आला.

मी पंख हलवले आणि विमान वर घ्यायला सुकाणूची दांडी पोटाशी ओढली.

कडा आला, पोटाखालून गेला. चाकांना काहीतरी घासलं. मग निळं आकाश, आणि इंजिन धापा टाकत होतं.

मी वळून पाहिलं. एक ओळ पुरी झाली होती. माणसानं काठी जमिनीवर आडवी ठेवली, काम संपल्यावर अवजार ठेवतात तशी, हळू. दुपट्टा सोडून खांद्यावर टाकला आणि दक्षिणेला, गावाच्या दिशेनं, चालू लागला. सालई उठली. तो जिथे उभा होता तिथे गेली, आणि उभी राहिली.

"उभी आहे!" डॉक्टर ओरडले. "जिवंत आहे! जागा सांग, जागा सांग त्यांना!"

त्यांनी वाघीण पाहिली होती. दुसरं काही पाहिलं नव्हतं.

राजकुमारची माणसं दुपारपर्यंत पोचली. मीही संध्याकाळी जीपनं गेले. बेशुद्ध सालईच्या मानेतली तार डॉक्टरांनी कापून काढली होती, जखम धुऊन टाके घातले होते, नवा पट्टा बांधला होता. हा पट्टा उपग्रहाशी बोलणारा, चांगला. पिल्लं जवळच्या करवंदीच्या जाळीत सापडली होती, भुकेनं चिडलेली, पण धडधाकट. डॉक्टरांच्या हातांना कोपरापर्यंत रक्त होतं आणि ते सारखे हसत होते.

"एक सांगू का मॅडम?" राजकुमार मला बाजूला घेऊन म्हणाला. "इतके वर्सं झाले जंगलात, असा वाघ नाई पाह्यला. आमी बंदूक रोखली, सुई मारली, ते पळालीच नाई. आमच्याकळे पाह्यलं बी नाई. समोर पाहून राह्यली व्हती नुसती."

"तिथे एखादी काठी सापडली का?"

"कायची काठी?"

दुसऱ्या दिवशी मी रुखमाबाईंकडे गेले. काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं. त्या ओट्यावर नव्हत्या, आत चुलीपाशी होत्या. मला पाहून म्हणाल्या, "आले व्हते काल."

मी उभीच राहिले.

"दाराशीच थांबले. म्या म्हनलं, जेवा. तर म्हने, आता काय जेवन. सुट्टी कशी भेटली इचारलं, तर म्हने, बदली भेटला."

बदली म्हणजे आपल्या जागी कामावर दिलेला माणूस. मजुरीच्या कामात इथे तशी पद्धतच आहे. एकाला जायचं असेल तर त्यानं दुसरा उभा करायचा.

"कोण बदली, आजी?"

"ते नाई सांगतलं." त्यांनी फुंकणी घेतली आणि चुलीत फुंकर घातली. "मले वाटलं, तुले माईत असन."

मला त्या वेळी वाटलं, बदली म्हणजे मीच. ते चुकीचं होतं.

चार-पाच दिवसांनी डॉक्टरांनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. नव्या पट्ट्यावरून आलेले सालईचे ठिपके नकाशावर उमटले होते. वाघाच्या फिरण्याचा नकाशा कसा दिसतो हे मला माहीत आहे. पाणवठ्याभोवती गुंता, नाल्याच्या बाजूनं वळणं, मधेच लांब उडी. इथे तसं नव्हतं. एक ठिपका, त्यावर असंख्य ठिपके. मग बाजूला थोड्या अंतरावर दुसरा तसाच ढीग. मग तिसरा. सगळे एका सरळ रेघेत. रेघ दक्षिणेला येत होती.

"एकाच जागी थांबते," डॉक्टर म्हणाले. "मग थोडं सरकते, आणि पुन्हा थांबते. सरकण्याच्या वेळा मी पाहिल्या." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "तू वरून जातेस त्याच्यानंतरच्या आहेत."

तोवर मी रोज सकाळी तिची खुशाली पाहायला उडत होते. परत फिरण्याआधी तिच्यावर पंख हलवत होते. सवयीनं.

खात्री करण्यासाठी एक दिवस मी उडाले नाही. संध्याकाळी नव्या पट्ट्यानं लॅपटॉपवर मरणाच्या ठोक्याचा इशारा पाठवला. दुसऱ्या सकाळी राजकुमारनं सांगितलं, उभीच हाय. बसत नाई. पिल्लं अंगाशी येऊन ओरडतात, ती खाली पाहत नाही. तिच्यासाठी समोर बांधलेल्या हेल्याला, म्हणजे रेड्याला, तोंड लावलं नाही. जखमेचे टाके ताणले जाताहेत.

मी लगेच उडाले. तिच्यावरून गेले, पंख हलवले. ती चालू लागली. राजकुमारनं दुर्बिणीतून पाहिलं: पुढच्या जागी जाताजाता वाटेतल्या डबक्यावर पाणी प्यायली, पिल्लांना पाजलं, हेला खाल्ला. मग त्या जागी पोचली आणि उभी राहिली.

त्यानंतर मी रोज उडाले. डॉक्टरांनी कारण विचारलं नाही. सकाळी फक्त म्हणायचे, "जा." मी घिरट्या घालून पाहिल्या, उंचावरून गेले, आडवी गेले, पंख न हलवता गेले. तिला सोडवणारी खूण मला सापडली नाही. ओळी जंगलाच्या कडेकडे येत होत्या. तिथून पुढे तूर होती, पऱ्हाटी होती, वेचणीच्या बाया होत्या. आणखी थोड्या ओळी, की ती माणसांत येऊन उभी राहणार, आणि माणसं काठ्या घेऊन जमणार.

मग संस्थेचा निरोप आला. या जंगलावरून उडण्याची आमची परवानगी संपत होती. विमान सुटं करून ट्रकनं परत पाठवायचं होतं.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. झेंडा, किसन, बदली.

"म्हातारी काय म्हणाली होती?" त्यांनी शेवटी विचारलं. "विमान येत नाही, तीच सुट्टी?"

"हो. पण किसनसाठी तर विमान आलंच नव्हतं."

"किसनची ओळ राहिली होती. हिची राहिलेली नाही. तू एकही अर्धी सोडली नाहीस."

तर्क बरा होता. मला तो हवाही होता. उडत राहिले तर ती शेतात येऊन मरणार, न उडाले तर जंगलात उभ्याउभ्या. निदान जंगलात राजकुमार जवळ होता. पुन्हा बेशुद्ध करून, सलाइन लावून, तिला काही दिवस जगवता आलं असतं. दरम्यान तिची सवय मोडली असती. सवय, असा शब्द आम्ही वापरला.

सकाळी विमानाचे पंख उतरवले. हिंमतरावांचे दोन गडी मदतीला होते. पंख सतरंज्यांमध्ये गुंडाळून ट्रकमध्ये चढवले, टाकी रिकामी केली, इंजिनावर ताडपत्री बांधली. मी बाभळीखाली लॅपटॉप घेऊन बसले. पट्ट्याकडून येणारी माहिती एकच होती: हालचाल नाही. ऊन वर आलं. हालचाल नाही. डॉक्टर पट्टीवर येरझाऱ्या घालत होते.

मग ठिपका सरकला.

मी पान पुन्हा उघडून पाहिलं. सरकला होता. ती चालत होती. डॉक्टर धावत आले आणि पडद्यावर बोट टेकवून बसले. "सुटली," ते म्हणाले. "सुटली गं पोरी." हिंमतरावांनी गड्याला चहा सांगितला. माझे डोळे भरून आले होते, त्यामुळे फोनवर कोणाचं नाव आहे ते आधी वाचता येईना.

राजकुमार होता. दमल्यासारखा बोलत होता.

"निघाली मॅडम ते. चालली. पानी बी पेली." तो खोकला. "पन आज लय खालून नेलं तुमी इमान. आमी सारे ओलेचिंब झालो. पुसून राह्यलो मघापासून, पन औषिदाचा वास जाऊन नाई राह्यला."